कपाटबंद चषक

स्टॉकहोमला स्थायिक झालेल्या एका मराठी स्नेह्यांच्या घरी आम्ही एका हिवाळ्यात जेवायला गेलो होतो. दिवाणखान्याच्या भिंतीला लागून, आतून दिवे लावलेल्या काचेच्या कपाटात, त्यांनी पंधरा वर्षे खपून जमवलेली जुनी स्कॅंडिनेव्हियन मद्यपात्रे मांडलेली होती. वितळत्या बर्फासारखे दिसणारे चषक, सागवानी बर्फपात्र, पोलादी शेकर, रंगीत काचेच्या सुरया. प्रत्येकाचा कर्ता, कारखाना आणि साल यजमानांना मुखोद्गत. तासभर दर्शन झाल्यावर पेयपानाची वेळ आली, आणि स्वयंपाकघरातून आले ते सहाच्या खोक्यात मिळणारे साधे प्याले. आम्ही कपाटाकडे पाहिले असावे, कारण यजमान म्हणाले, "अहो, त्यातला एक फुटला तर पुन्हा मिळायचा नाही."

साध्या प्याल्यांबद्दल आमची काहीच तक्रार नाही. अवमान झाला तो कपाटातल्या चषकांचा, आणि तो नेमका कसा झाला हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ज्या परंपरेची ही पात्रे आहेत तिचा जन्म एका वादातून झाला. एलेन केय या स्वीडिश लेखिकेने १८९९ साली 'सर्वांसाठी सौंदर्य' या अर्थाचे पुस्तक लिहिले. १९१९ साली ग्रेगोर पाउल्सन यांनी 'नित्याच्या वस्तू अधिक सुंदर हव्यात' अशा आशयाची पुस्तिका काढली. कामगाराच्या घरातल्या रोजच्या वस्तूही सुंदर असाव्यात, कारखान्यांनी कलावंतांना हाताशी धरून त्या तशा घडवाव्यात, हा या मंडळींचा आग्रह होता. सौंदर्याला श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून बाहेर काढायचे, हे त्यामागचे स्पष्ट राजकारण होते. त्याच वस्तू आज पुन्हा दिवाणखान्यातल्या कपाटात, कुलपाआड जाऊन बसल्या आहेत.

आयनो आल्टो यांचा पेला घ्या. १९३२ साली कारहुला-ईत्ताला कारखान्याने घेतलेल्या स्पर्धेसाठी त्यांनी साच्यात दाबून घडवायच्या काचेची भांडी रेखाटली. पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखी वलये त्यांच्या अंगावर आहेत. पण ती नुसती शोभा नव्हे. दाबकाच स्वस्त असते आणि तिच्यात डाग, रेषा राहतात. वलयांमुळे ते दोष झाकले जातात आणि पेल्याला बळकटीही येते. शिवाय हे पेले एकात एक बसतात, लहान घरात जागा अडवत नाहीत. म्हणजे स्वस्ताईची अडचण हीच त्यांच्या रूपाची जननी. (फिनलंडमधली दारूबंदी उठली तीही १९३२ सालीच, हा निव्वळ योगायोग, पण आम्हाला तो आवडतो.) असा पेला जपून ठेवणे म्हणजे चुलीवरचा तवा देव्हाऱ्यात ठेवण्यासारखे आहे.

संग्राहकांचा सर्वांत लाडका फिनिश कर्ता म्हणजे काय फ्रांक, आणि त्याच्या बाबतीत तर या छंदाने कमालच केली आहे. बारा माणसांचा, एका नक्षीचा, लग्नात मिळणारा आणि सणासुदीलाच निघणारा 'पूर्ण संच' फ्रांकला मोडीत काढायचा होता. १९५३ सालच्या त्याच्या किल्टा या भांड्यांच्या मालिकेचा गाभाच हा होता: हवे ते, हवे तेवढे, सुटे घ्यावे, रंग मनासारखे मिसळावेत, फुटले तर तेवढेच आणावे. १९५८ सालचे त्याचे कार्तिओ पेलेही याच जातकुळीचे. आज त्याच फ्रांकच्या चषकांचा 'सहाचा अखंड संच' मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षे लिलाव धुंडाळतात! साठच्या दशकात फ्रांकने आणखी एक भूमिका घेतली होती: रोजच्या वापरातल्या वस्तूवर कर्त्याचे नाव मिरवू नये, वस्तू विकली जावी ती तिच्या गुणावर. संग्राहक काय करतो? चषक हाती येताच तो उलटा करतो आणि बुडाशी सही शोधतो.

हे आदरातिथ्य तरी खरोखर तिकडचे आहे काय? 'स्कॅंडिनेव्हियन डिझाइन' हे नाव जगभर गाजले त्यात १९५४ ते १९५७ या काळात अमेरिका-कॅनडात फिरलेल्या प्रदर्शनाचा मोठा वाटा होता. येन्स क्विस्टगोर या डॅनिश कलावंताची सागवानी बर्फपात्रे विकणारी डान्स्क ही कंपनी १९५४ साली अमेरिकेतच स्थापन झाली होती. (आणि सागवान डेन्मार्कात उगवत नाही, ते आपल्या आशियातले झाड, हे आम्ही जाता जाता नोंदवून ठेवतो.) आर्ने याकोबसेन यांनी १९६७ साली स्टेल्टनसाठी केलेल्या पोलादी मालिकेत मार्टिनीचे मिश्रणपात्रही आहे; मार्टिनी हे पेय मुळात अमेरिकन. खुद्द स्वीडनमध्ये १९५५ सालापर्यंत दारू शिधापुस्तिकेवर मिळे. कोणाला किती, हे त्याची ऐपत आणि वर्तन पाहून ठरे. विवाहित स्त्रीला सहसा पुस्तिकाच मिळत नसे. ज्यांच्या बोलीत 'परमिट रूम' हा शब्द रुजला आहे त्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अशा समाजात स्नॅप्सचा इवलासा पेला उचलायचा, समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे, गाणे म्हणायचे आणि मगच प्यायचे, या विधीला वजन होते. त्या विधीतला पेला हा माणसांना जोडणारा दुवा होता. कपाटातला पेला कोणाच्या ओठाला लागत नाही.

संग्राहकांची बाजू आम्हाला ठाऊक आहे, आणि ती पोकळ नाही. ओरेफोर्सची भट्टी २०१३ साली विझली. १७९३ सालापासून चालत आलेला नूतायार्वीचा कारखाना २०१४ साली बंद झाला. फुंकून काच घडवणारे हात कमी होत आहेत, तेव्हा उरले ते कोणी तरी राखायला नको काय? हवेच. पण त्यासाठी रीहिमाकीला फिनिश काचसंग्रहालय आहे. तिथे कोणीही तिकीट काढून जाऊ शकतो. खासगी कपाटाला ना अभ्यासक, ना प्रेक्षक. तिथे राखली जाते ती किंमत. न वापरण्याचे एकच प्रामाणिक कारण आम्हाला दिसते, ते शिसेयुक्त स्फटिककाचेचे: अशा सुरईत मद्य महिनोन्‌महिने ठेवू नये, त्यात शिसे उतरते. पण एका संध्याकाळपुरते ओतून पिण्याला त्याची आडकाठी नाही.

विर्कला यांचे 'उल्तिमा थुले' चषक तर १९६९ साली फिनएअरच्या न्यूयॉर्कच्या विमानांत प्रवाशांच्या हाती दिले जात होते. अटलांटिकवरचे हेलकावे सोसलेला चषक एका दिवाणखान्यात सुरक्षित नाही, असे मानायचे काय?

आमच्याकडे आयनो आल्टोंचे चार पेले होते. गेल्या वर्षी भांडी घासताना एक गेला. आता चार माणसे बसली की चौथ्याला कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे असतो तसला कटिंगचा ग्लास मिळतो, आणि तो कोणी घ्यायचा यावरून दर वेळी थोडे भांडण होते. स्टॉकहोमच्या स्नेह्यांना आम्ही हे पत्राने कळवले आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.