संवत्सराचें नांव कां गाळतां?

हुंडीवर रक्कम अंकीं लिहून पुन्हां अक्षरीं कां लिहितात, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. एक चुकलें तर दुसरें साक्षीस उभें राहतें. जुन्या काळीं मिती घालणाऱ्यांनींही हीच सावधगिरी बाळगिली होती. शकाच्या आंकड्याशेजारीं संवत्सराचें नांव, तिथि आणि वार ते लिहीत. हल्लीं घराण्यांचे इतिहास, देवळांचे जीर्णोद्धार-लेख, संस्थांचे सुवर्णमहोत्सवी अंक तयार करितांना ही सारी साक्ष गाळून केवळ इसवी सन ठेवण्याची चाल पडली आहे. ती आम्हांस घातक वाटते.

प्रमाणासाठीं दूर जावयास नको. बोरिवलीच्या पूर्वेस कान्हेरीचीं लेणीं आहेत. तेथें रविवारीं सहलीस जाणारे पुष्कळ, भिंतीवरील लेखांपाशीं थांबणारे थोडे! राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या अमदानींतील, त्याचा उत्तर कोंकणांतील शिलाहार मांडलिक दुसरा कपर्दी याच्या वेळचा एक दानलेख तेथें आहे. त्यांत शक ७७५, प्रजापति संवत्सर, आश्विन वद्य द्वितीया, बुधवार अशी मिती आहे. आतां शक ७७५ चा संवत्सर येतो श्रीमुख. प्रजापति हा ७७३ चा. शोधकांनीं शक ७७३ धरून गणित केलें, तों वारही बरोबर जुळला, आणि लेखाचा दिवस १६ सप्टेंबर ८५१ हा ठरला. कोरणाऱ्यानें नुसता आंकडाच ठेविला असता, तर दोन वर्षांची चूक आज अकराशें वर्षांनंतर कोणाच्या लक्षांत आली असती?

हें साठ नांवांचें चक्र पुनःपुन्हां फिरतें, म्हणून नुसत्या नांवानेंही भागत नाहीं. नांव व आंकडा दोन्ही पाहिजेत. जपानी लोकांची रीत अशीच आहे. इ. स. ६४५ मधील ‘ताइका’पासून ते कालखंडास नांव देऊन त्याचीं वर्षें मोजीत आले, आणि जुन्या कागदांत त्या वर्षासोबत साठ वर्षांच्या चक्रांतील खूणही घालीत. १८७३ च्या जानेवारीपासून त्यांनीं पाश्चात्य सौर पंचांग स्वीकारिलें, तथापि नांवें टाकिलीं नाहींत. १ मे २०१९ पासून तेथें ‘रेइवा’ चालू आहे.

आमच्याकडेही १६७४ त राज्याभिषेक शक सुरू करणाऱ्या शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद किती वर्षें चालला! लोकमान्य टिळकांनीं १९१६ त जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत शक १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी संपूर्ण मिती आहे, म्हणूनच ती गणितानें तपासतां आली. सरकारनें मानिलेली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही जुन्या ज्युलियन पंचांगाची. आजच्या पंचांगानें तो दिवस १ मार्च येतो.

संवत्सरफल वाचून पाऊसपाण्याचें व धान्याच्या भावाचें भाकित करणाऱ्यांची वकिली आम्ही करीत नाहीं. तें खुशाल टाकावें. परंतु भाकित खोटें म्हणून नांवही निरुपयोगी, हा कसला न्याय?

घाटकोपर-मुलुंडकडे तर ही गोष्ट अधिकच निकडीची आहे. एकाच चाळींत मराठी कुटुंबाचा कबाला शालिवाहन शकाचा, आणि शेजारच्या गुजराती पेढीचे चोपडे कार्तिकांत बदलणाऱ्या विक्रम संवताचे. त्या संवतांतून सरसकट ५७ वजा करून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ खरे. पण जानेवारी लागला कीं आश्विनअखेरपर्यंत ५६ च वजा केले पाहिजेत. अर्थात् वर्षांतील बहुतेक महिने हे गृहस्थ एक वर्षानें चुकतात, आणि मूळ मिती गाळल्यामुळें ती चूक शोधण्याची सोयही उरत नाहीं. आजोबांचें मृत्युपत्र किंवा पणजोबांचें खरेदीखत यांच्या बाबतींत एक वर्षाचा फरक म्हणजे काय, हें कोर्टाची पायरी चढलेल्यांस विचारावें. तेव्हां जुने कागद उतरवून घेणाऱ्यांनीं मूळ मिती संवत्सर, तिथि व वार यांसह जशीच्या तशी लिहावी, आणि इसवी तारीख तिच्याखालीं कंसांत द्यावी.