स्क्रू आमचे, डायग्राम गुपित?

माझा ऑडिओ इंटरफेस बंद पडला. कंपनीचं उत्तर: दुरुस्ती नाही, नवा घ्या. इथे अब्बासियात एका मेकॅनिकने तो उघडला. पॉवर सप्लायचा कपॅसिटर फुगलेला. सुटा भाग काही फिल्सांचा! उष्णतेत हे कपॅसिटर लवकर सुकतात, आणि कुवेतमध्ये २०१६ साली ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. मग सर्किट डायग्राम गुपित कशासाठी? 'उघडल्यास वॉरंटी रद्द' या धमकीबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये कंपन्यांना तंबी दिली. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे!

ही कुलपं आपल्यातलेच इंजिनियर बनवतात. पर्यावरणावर भाषणं पुरेत. आपापल्या कंपनीत डायग्राम खुले करायला सांगा.