‘ठग’चा ‘थग’ कसा झाला? ढोकीतील इंग्रजीच्या तासासाठी एक प्रश्न

#थ्रेड

१/ ढोकीसारख्या गावातील विद्यार्थ्यांना इंग्रजी साहित्य उमजत नाही, कारण ते सातासमुद्रापलीकडचे आहे, असे सर्रास सांगितले जाते. हे विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

२/ १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड व रायचूर दुआबासह धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. नळदुर्गचा कारभार आला फिलिप मेडोज टेलरकडे. १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला.

३/ टेलर कादंबरीकारही होता. १८६३ च्या त्याच्या ‘तारा’ या शिवकालीन कादंबरीची नायिका तुळजापूरची. म्हणजे या जिल्ह्याची माती इंग्रजी साहित्यात केव्हाच पोहोचली आहे. पोहोचली नाही ती इंग्रजीच्या तासात.

४/ त्याआधी, १८३९ मध्ये, त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ गाजली आणि हा शब्द इंग्रजी वाचकांत रुळला. मराठीत ठग म्हणजे लबाड, फसवणारा. आजच्या इंग्रजीतील ‘थग’ म्हणजे दांडगाई करणारा गुंड.

५/ गाईड एवढेच सांगते : थग म्हणजे गुंड, पाठ करा. परंतु मूळ शब्द विद्यार्थ्याच्या घरचाच आहे. त्याचा अर्थ कोणी, कशासाठी बदलला, हा भाषेचा खरा धडा. तोच वगळला जातो.

६/ या कादंबरीत अमीर अली गुन्ह्यांची कबुली देतो, साहेब ऐकतो. बोलणारा कैदी, ऐकणारा सत्ताधारी, लिहिणारा कंपनीच्या काळातला इंग्रज. मग त्यातील ‘मी’ नेमका कोणाचा? साहित्याचा अर्थ लावणे येथून सुरू होते. पाच ओळींची तयार ‘मध्यवर्ती कल्पना’ हा प्रश्नच पडू देत नाही.

७/ ‘आधी व्याकरण, अर्थ नंतर’ हा नेहमीचा आक्षेप. परंतु ‘मी’ कोण हे कळल्यावाचून प्रथमपुरुष तरी कळला कसा म्हणावा? दुसरा आक्षेप : साहेबाचे पुस्तक वाचावेच कशाला? कारण न वाचता फेकलेल्या पुस्तकाला उत्तर देता येत नाही.

८/ नवरात्रात ज्या घरातील माणसे तुळजापूरला पायी जातात, तेथील मुलापुढे ‘तारा’तील एक उतारा ठेवावा. टेलरला काय दिसले आणि काय दिसले नाही, हे ते मूल कोणत्याही गाईडपेक्षा नेमके सांगेल. त्याला फक्त विचारले पाहिजे.