घर बदलले, पण मीटर कुणाच्या नावावर?



अक्षय तृतीया झाली, लगीनसराई उरकत आली, की आपल्याकडे बिऱ्हाडे हलायला लागतात. कुठे भाऊ-भाऊ वेगळे निघतात, कुणी गावठाणातले घर सोडून शेतातल्या वस्तीवर राहायला जातो, तर कुणी पोरांच्या शाळेसाठी तालुक्याला घर करतो. मुहूर्त बघतो, देव आधी नेतो, नव्या घरात दूध उतू घालतो. सगळे रीतीने करतो. पण विजेचे आणि गॅसचे कागद मात्र ट्रॉलीत शेवटी चढतात, नाहीतर जुन्या घराच्या फडताळातच राहून जातात.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. धाकट्या भावजींनी तालुक्याला जुने घर विकत घेतले. खरेदीखत झाले, उतारा बघितला, बँकेचा बोजा नाही याची खात्री केली. दिवे लागत होते, पंखे फिरत होते. मग विजेचे काय बघायचे? दोन महिन्यांनी बिल आले ते मागच्या मालकाच्या नावाचे, आणि त्यात त्याची मागची थकबाकी. भावजी म्हणाले, "ज्याने जाळली त्याने भरावी." पुढे नोटीस आली. तीही त्याच्याच नावाची, म्हणून कुणी फोडलीसुद्धा नाही. अन् ऐन दहावीच्या परीक्षेत वीज तोडली. पुतणीने दोन पेपर मेणबत्तीवर अभ्यास करून दिले. घर विकणारा फोन उचलेना. शेवटी सोयाबीनच्या पैशांतून ती बाकी भावजींनीच भरली.

तेव्हा कळले ते असे, की विजेची बाकी माणसाबरोबर निघून जात नाही, ती जागेला चिकटून राहते. 2023 साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे, की नियमांत तशी तरतूद असेल, तर मागची बाकी भरल्याशिवाय वीज कंपनी नव्या मालकाला जोडणी नाकारू शकते. म्हणून उताऱ्यावरचा बोजा बघता, तसेच विजेचे बिलही बघत चला.

खरेदीचे पैसे हातात देण्याआधी मालकाकडून शेवटचे बिल आणि ते भरल्याची पावती मागून घ्या. बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, मीटरचा नंबर असतो. भिंतीवरच्या मीटरचा नंबर तोच आहे ना, हे डोळ्यांनी बघा. राहायला जाल त्या दिवशी मीटरचे रीडिंग वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढा. बाकी निघालीच, तर ती आधी भरायला लावा किंवा ठरलेल्या किमतीतून वळती करून घ्या. एकदा पैसे चुकते झाले, की आपल्या बोलण्याला वजन राहत नाही.

मग लगेच नाव बदलून घ्या. जुने वीज मंडळ 2005 साली विभागले आणि महावितरण आले, तरी आपण अजून 'बोर्डाचे हापीस'च म्हणतो. त्या कार्यालयात किंवा मोबाइलवरूनही नाव बदलण्याचा अर्ज करता येतो. मालकीचा कागद, ओळखीचा पुरावा आणि जुन्या मालकाची संमती घेऊन ठेवा. त्याची सुरक्षा ठेव कुणाची, हेही तेव्हाच बोलून घ्या. भाड्याच्या घरात मीटर मालकाच्याच नावावर राहते. तिथे रीडिंग लिहून दोघांच्या सह्या केल्या तरी पुरे.

आता आपल्या वाटण्यांकडे या. जमिनीचे सातबारे वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, आणि मीटर राहते देवाघरी गेलेल्या आजोबांच्या नावावर. बिल कुणी भरायचे यावरून भाऊबंदकी सुरू होते. केंद्र सरकार छतावरच्या सूर्यपॅनेलला अनुदान देते, तिथेही वीजबिल आणि त्यावरचे नाव बघतात. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद आज मिळतात, तर आजच काम करा. पुढच्या पिढीला सह्या गोळा करत फिरवू नका.

वस्तीवर जाणाऱ्यांना एक विनंती. शेतीपंपाच्या जोडणीवरून घरात तार ओढू नका. पंपाची वीज शेतीच्या दराची आणि ठरावीक तासांची. तिचा घरासाठी वापर हा कायद्याने अनधिकृत वापर ठरतो, दंडाचे बिल बसते; आणि उघड्या जोडाची तार पावसाळ्यात जीव घेते, ते वेगळेच. घरगुती जोडणी वेगळी मागा. मीटर येईपर्यंत चार रात्री कंदिलात काढल्या तरी चालतील.

गॅसचे मात्र वेगळे आहे. गॅसची जोडणी आपल्या नावाची असते, म्हणून ती आपल्याबरोबर हलवता येते. एजन्सी तीच असेल, तर फक्त पत्ता बदलायचा. त्याच गावात एजन्सी बदलत असेल, तर कागद बदलतो, टाक्या परत द्याव्या लागत नाहीत. पण दुसऱ्या गावी जाणार असाल, तर टाकी आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करा, ठेव परत घ्या आणि जोडणी बंद केल्याचा कागद मागा. एजन्सीत त्याला टी.व्ही. म्हणतात, ऐकून घाबरू नका, दूरदर्शनचा संच नव्हे, टर्मिनेशन व्हाउचर! तो नव्या गावच्या एजन्सीत दाखवला, ठेव भरली, की जोडणी सुरू. शेगडी आपलीच, ती बरोबर न्यायची.

वेगळ्या निघालेल्या सुनेने सासूबाईंची एक टाकी उचलून नेली, असे घरोघर चालते. ते करू नका. स्वयंपाकघर वेगळे झाले, की जोडणीही वेगळी आपल्या नावावर घ्या. अपघातात घराचे नुकसान झाले, तर गॅस कंपनीचा विमा नोंदवलेल्या पत्त्यालाच उपयोगी पडतो. नव्या घरात टाकी उभीच ठेवा, शेगडी टाकीपेक्षा उंचावर. नळीवरचे साल बघा. पाच वर्षे झाली की नळी बदला. गळती साबणाच्या पाण्याने तपासा, काडी ओढून कधीच नाही. गॅसचा वास आला तर 1906 आणि विजेच्या तक्रारीला 1912, हे दोन आकडे खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

भावजींच्या घरच्या बिलावर आता त्यांचेच नाव आहे. पुतणी यंदा बारावीला बसली. परीक्षेआधी तिनेच पहिल्यांदा बिल भरल्याची पावती शोधून काढली आणि मगच पुस्तक उघडले. ठेच आम्हाला लागली. तुम्ही जपून पाऊल टाका.