डबा घ्या, पण निघा



मागच्या महिन्यात दुपारचा स्वाध्याय झाल्यावर आम्ही आठ-दहा जणी गप्पा मारत बसलो होतो. एका ताईंचा मुलगा अमेरिकेत मायामीला असतो. तिकीट काढतो, ये, म्हणून त्याने आग्रह धरलाय आणि ताईंचं मन होत नाहीये. त्या म्हणाल्या, "तिथे आहे काय? समुद्र, जुन्या इमारती आणि रात्रभर चालणारे क्लब. आपण सहाला जेवून ताटं धुऊन ठेवणारी माणसं. आपण जाऊन करायचं काय तिथे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

घरी येताना मात्र ते वाक्य मला सोडेना. समुद्र, देखण्या इमारती, रात्रीची वर्दळ, हे सगळं तर आपल्याच शहरात आहे. आर्ट डेको पद्धतीच्या इमारतींत मायामीच्या खालोखाल मुंबईचा नंबर लागतो, असं म्हणतात. मला लग्न होऊन दिंडोशीत येऊन सोळा वर्षं झाली, आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीकडून मुंबईत आल्याला चाळीस. आम्ही दोघींनीही मरीन ड्राइव्ह धड पाहिलेलं नव्हतं. वाळकेश्वरच्या मंदिरात जाताना टॅक्सीच्या काचेतून दिसलं असेल, तेवढंच.

का पाहिलं नाही, याचं कारण तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळ! दुपारची कामं आटोपून निघावं, तर पाचला परत स्वयंपाकघरात हजर. घरातल्या सगळ्यांचं सूर्यास्ताआधी जेवण व्हायचं तर कणिक कोणी मळायची? रात्रिभोजन त्यागाचा नियम सगळ्या घराचा असतो, पण घड्याळाकडे बघत धावणारी एकटीच असते. मग आपण म्हणतो, आमच्या नियमात फिरणं बसत नाही. मैत्रिणींनो, खरं सांगा, हा नियम कुठल्या शास्त्रात आहे? शास्त्र म्हणतं, सूर्य मावळल्यावर खाऊ नका. पाचला घरी असा, असं ते कुठे म्हणतं?

दिग्व्रत आपण सगळ्या वाचतो. अमुक दिशेला अमुक अंतराच्या पलीकडे जाणार नाही, अशी मर्यादा श्रावकाने स्वतःहून घालून घ्यायची. जी मर्यादा विचार करून घेतली ते व्रत. जी नुसती पडून गेली ती सवय. मी गोरेगाव-मालाडच्या पलीकडे जात नाही, हे माझं व्रत कधीच नव्हतं.

म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी मी आईंना म्हटलं, चला. आईंचे गुडघे दुखतात, लोकलचा जिना आणि गर्दी त्यांना झेपत नाही. पण आता मेट्रोने जाता येतं. दिंडोशीहून गुंदवली, तिथून पुलावरून चालत पश्चिम द्रुतगती महामार्ग स्टेशन, मग मरोळ नाका, आणि तिथून भुयारी मेट्रोने थेट हुतात्मा चौक. ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. दोनदा गाडी बदलावी लागते, पण लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत.

सकाळीच डबा केला. दुधातल्या दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, कच्च्या केळ्याची सुकी भाजी आणि उकळून गार केलेलं पाणी. घरच्यांसाठी मुगाची खिचडी करून ठेवली आणि "साडेपाचला गरम करून घ्या" एवढंच सांगितलं. त्यांनी करून घेतली. आभाळ कोसळलं नाही.

हुतात्मा चौकातून थोडं चाललं की ओव्हल मैदान. मैदानात मधोमध उभं राहायचं आणि आधी पूर्वेला बघायचं. हायकोर्ट, विद्यापीठ, उंच कमानी, टोकदार शिखरं, सगळं एकोणिसाव्या शतकातलं. मग वळून पश्चिमेला बघायचं. तिथे १९३०-४० च्या सुमारास, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर बांधलेली घरं आहेत. गोल वळवलेले कोपरे, जहाजाच्या कठड्यासारख्या बाल्कन्या, खिडकीवर भुवईसारखा छज्जा. दोन काळ आणि मधे क्रिकेट खेळणारी पोरं! या परिसरातल्या ९४ इमारतींना युनेस्कोने ३० जून २०१८ रोजी जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. परदेशातून लोक बघायला येतात. आपल्याला मेट्रोचं तिकीट काढायचंय फक्त.

विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आईंना दाखवला. २८० फूट उंच, आपल्या उपनगरातल्या कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा. १८६९ मध्ये पाया घातला, १८७८ मध्ये काम पूर्ण झालं. आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले ते प्रेमचंद रायचंद यांनी. कापसाचे मोठे व्यापारी, आणि जैन. मनोऱ्याला नाव दिलं त्यांच्या आईचं, राजाबाईंचं. अशी आख्यायिका सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि त्यांचा संध्याकाळच्या आत जेवायचा नियम होता. किती वाजले हे दर वेळी कोणाला विचारावं लागू नये, घंटा ऐकून त्यांचं त्यांना कळावं, म्हणून मुलाने हा मनोरा उभारायला मदत केली.

मी हे सांगत होते तेवढ्यात घंटा वाजली. आई वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हे आपलं घड्याळ की गं!"

मला हसू आलं, आणि मग थोडं वाईटही वाटलं. ज्या शहराला आपण 'आपल्यासारख्यांचं नाही' म्हणून चाळीस वर्षं लांब ठेवलं, त्याच्या मधोमध आपल्याच नियमाची गोष्ट सांगणारी घंटा वाजते.

तिथून टॅक्सीने मरीन ड्राइव्ह. कट्ट्यावर बसून सव्वापाचला डबा उघडला. आजूबाजूला कोणी भेळ खातंय, कोणी कणीस. आमच्याकडे कोणीही वळून बघितलं नाही. आईंनी गोळ्या घेतल्या, पाणी प्यायल्या. खाली पडलेला चुरासुद्धा गोळा करून पिशवीत भरला. सहाच्या आत आमचं सगळं आटोपलं होतं.

आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही. घरी या वेळी आपण ओटा पुसत असतो. दिंडोशीला सूर्य फिल्मसिटीच्या टेकड्यांवरून उगवतो आणि हायवेपलीकडच्या टॉवरमागे जातो. आपल्यासाठी सूर्यास्त म्हणजे दिनदर्शिकेतला एक आकडा. त्या दिवशी तो समुद्रावर, समोर होता. मोठा, तांबडा. खाली टेकला, अर्धा झाला, मग नुसती कड राहिली. आई एकटक बघत होत्या. "एवढा सावकाश जातो होय," म्हणाल्या. लहानपणापासून ज्या सूर्याच्या वेळेवर त्या जेवल्या, त्याला शेवटपर्यंत जाताना त्या पहिल्यांदा बघत होत्या.

त्यांनी तिथेच डोळे मिटून बोटांच्या पेरांवर णमोकार मोजायला सुरुवात केली. मागे गाड्या वाहत होत्या, पोरं गिटार वाजवत होती. एकेक दिवा लागत गेला आणि ज्याला राणीचा हार म्हणतात तो पूर्ण झाला. सायकलवरचा कॉफीवाला आला. आईंनी डोळे उघडून सांगितलं, "नको बाळा, आमचं झालंय." तो हसून पुढे गेला. आम्ही साडेसातपर्यंत बसलो. ही आमची नाइटलाइफ!

काही जणी म्हणतील, हे सगळं इंद्रियांचे लाड आहेत, तेवढ्या वेळात बोरिवलीच्या त्रिमूर्तीचं दर्शन झालं असतं. दर्शनाला आपण जातोच, जायलाच हवं. पण आपण मॉलमध्येही जातो, लग्नांतही चार-चार तास काढतो, तेव्हा हा हिशोब निघत नाही. तो घरातली बाई नुसतं बघायला म्हणून बाहेर पडते तेव्हाच निघतो. आणि ज्या नियमामुळे सुना-मुलींना फक्त 'जमणार नाही' एवढंच ऐकू येतं, तो नियम त्या पुढे किती दिवस आनंदाने पाळतील? माझ्या सुनेने हा नियम पाळावा असं मला वाटतं. म्हणूनच त्याच्याबरोबर जगता कसं येतं, हे मला तिला दाखवता यायला हवं.

त्या ताईंनाही मी सांगितलं, जरूर जा. मायामीत उन्हाळ्यात सूर्य रात्री आठनंतर मावळतो, उलट जेवायला निवांत वेळ मिळेल. शिवाय तिथला किनारा पूर्वेकडे आहे. आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो, तिथे समुद्रातून उगवतो. क्लबमधली माणसं झोपायला जातील तेव्हा तुम्ही वाळूवर जप करत बसा. चालताना मात्र पायाखाली बघा, खेकड्यांची बारीक पिल्लं असतात.

परवा भाजी निवडताना आईंनी विचारलं, "मे महिन्यातही तो तिथंच मावळतो का गं?" म्हटलं, नाही, तेव्हा उत्तरेला सरकतो, मलबार हिलमागे जातो. त्या थोडा वेळ गवार मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग त्याआधी एकदा जाऊन येऊ. दशम्या मी करते."