काट्यावर ऊस मोजता, दिवाही बघा

मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे



मुकुंदवाडीत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दिवाळी जवळ आली की पैठण-गंगापूरकडचे ट्रॅक्टरवाले सेल्फ, बॅटरी, डायनामो दाखवायला येतात. उसाच्या हंगामाची तयारी. टायर नवे, हूक वेल्डिंग करून पक्का केलेला, टेपचा आवाज तर जालना रस्त्यापलीकडे ऐकू यावा असा. ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांचं विचारलं की उत्तर ठरलेलं : "राहू द्या हो, टिकत नाहीत. रेडियम लावलंय ना."

टिकत नाहीत हे खरं आहे. म्हणून तर हे पत्र ट्रॅक्टरवाल्यांना न लिहिता आपल्याला लिहितोय.

का टिकत नाहीत, ते आधी सांगतो. ट्रॅक्टरच्या मागे सात पिनचा सॉकेट असतो. त्यातली एक पिन अर्थिंगची. ट्रॉलीचं वायरिंग करताना नेमकी हीच वायर वाचवली जाते. लोखंडाला लोखंड लागलेलंच आहे, वेगळी वायर कशाला? मग सगळा करंट हूक आणि पिनेतून परत यायचा. तिथे ग्रीस, गंज, वर खड्ड्यांचे हिसके. मागे दुसरी ट्रॉली असेल तर असे सांधे दोन. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की दिवा लख्ख व्हायच्या ऐवजी मंद होतो आणि न लावलेला इंडिकेटर मिणमिणायला लागतो, कारण करंट परतीची वाट शोधत शेजारच्या बल्बात घुसलेला असतो. बल्ब बदलून हे जात नाही. प्रत्येक दिव्यापासून सॉकेटपर्यंत अर्थिंगची स्वतंत्र वायर ओढली की जातं.

दुसरी गोष्ट वायरच्या जाडीची. दोन ट्रॉल्यांचे ब्रेकचे चार बल्ब, प्रत्येकी 21 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर 7 अँपिअर. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमधून 15 मीटर मागे जाईपर्यंत त्यातले जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच संपतात. बाजारात मिळणारी वायर लिहिलेल्या जाडीची असते, असं धरून हा हिशेब केलाय! एलईडी दिवे लावले तर करंट कितीतरी कमी लागतो आणि हा प्रश्न बराचसा मिटतो.

एवढं सगळं नीट केलं तरी पुढे फड आहे. मोळ्या रचताना ऊस मागे हातभर बाहेर येतो, वाडं खाली लोंबतं आणि दिवा त्याच्या आड जातो. गव्हाणीपाशी क्रेनने मोळ्या उचलताना साखळीचा एक फटका बसला की काच गेली. चेसिसला बोल्टने आवळलेला दिवा उसाच्या धंद्यात टिकणं अवघडच. त्यावर उपाय आहे. दिवे, नंबर प्लेट आणि रिफ्लेक्टर एकाच पट्टीवर बसवायचे, तिला लांब केबल द्यायची. ऊस भरून झाला की पट्टी मोळ्यांच्या बाहेर बांधायची, खाली करायच्या आधी काढून ट्रॅक्टरवर ठेवायची. युरोपातले शेतकरी अशा सुट्या पट्ट्या सर्रास वापरतात. आपल्याकडे कुठलाही वेल्डर आणि वायरमन मिळून ती करून देतील. एका टायरच्या किमतीत काम होऊन पैसे उरतील.

रेडियमला माझा विरोध नाही. बंद पडून रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या ट्रॉलीला तेवढाच आधार असतो. पण रेडियम स्वतः उजळत नाही. समोरच्या वाहनाच्या प्रखर दिव्यांनी डोळे दिपलेला, खाली वळवलेल्या दिव्यावर मोटारसायकल चालवणारा पोरगा ताशी 60 च्या वेगाने सेकंदाला 16-17 मीटर पुढे येतो. त्याला पुढचं 30-40 मीटरच दिसत असेल तर त्याच्या हातात दोन सेकंद असतात आणि त्यातलं दीड सेकंद पुढे काय आहे ते कळण्यातच जातं. त्यात रेडियमवर चिखल असला तर विचारूच नका.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मध्ये दिव्यांसाठी नियम 105 आहे, रिफ्लेक्टरसाठी 104 आहे. कायदा कमी पडलेला नाही. पण आरटीओचं पथक एका रात्री एका रस्त्यावर उभं राहणार. कारखान्याच्या काट्यावरून मात्र प्रत्येक ट्रॉली प्रत्येक खेपेला जाते आणि तो काटा चालतो आपण दिलेल्या गाळप परवान्यावर. चिपाडापासून वीज करून विकणाऱ्या कारखान्यांच्या दारात ट्रॉल्या अंधारात याव्यात, हे मला तरी पटत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की परवान्यात अट घाला : काट्यावर सात पिनचा सॉकेट आणि बॅटरी ठेवून प्रत्येक ट्रॉलीचे दिवे, ब्रेक, इंडिकेटर तपासावेत. दिवे लागत नसले म्हणून ऊस मात्र परत पाठवू नका. ऊस वाळून वजन घटलं की फटका शेतकऱ्याला बसतो आणि त्याचा यात काही दोष नसतो. ऊस उतरवून घ्या आणि रिकामी ट्रॉली दिवा दुरुस्त झाल्याशिवाय गेटबाहेर सोडू नका. रिकामी ट्रॉली अंधारात काही कमी घातक नसते. कारखान्याचा इलेक्ट्रिक विभाग आहेच, खर्च वाहतुकीच्या बिलातून कापता येतो. पहिल्या हंगामात सुटी पट्टी कारखान्याने उचलीतून दिली तर ट्रॅक्टरवालेही कुरकुर करणार नाहीत.

पट्टीचा नमुना आणि वायरिंगचा नकाशा मी करून देईन, मोबदल्याशिवाय. फक्त परवाने निघायच्या आत कळवावं, कारण एकदा मोळी गव्हाणीत पडली की माझ्याकडे कुणी ट्रॉली आणत नाही.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर