भिवंडीचा इंजिनिअर, भिवंडीचा पिकर

मोहल्ल्यातला मुलगा मोठ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून लागला की भिवंडीत पहिला प्रश्न येतो, पॅकेज किती? दुसरा, परदेशात कधी पाठवणार? तो तिथे दिवसभर नेमकं करतो काय, हे सहसा कुणी विचारत नाही. मी बारा वर्षं हे काम करतोय, म्हणून थोडं सांगतो.

माझे अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. एवढ्या खडखडाटात नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं की अमुक मागाचा धोटा नीट चालत नाही. डिग्री नव्हती, पण माझ्या हिशेबाने तेही इंजिनिअरच. माग लावण्यात काही कमीजास्त झालं तर विणकर तिथेच शेजारी उभा असायचा. त्याची मजुरी मीटरवर. माग बंद म्हणजे त्याची कमाई बंद, आणि ते तो तोंडावर सांगायचा.

माझ्यासमोर असं कुणी उभं नसतं. मोठ्या कंपनीत काम तुकड्यातुकड्यांत वाटलेलं असतं. माझा तुकडा गोदामांचा. माल कोणत्या रॅकवर ठेवायचा, ऑर्डर आली की पिकरने कुठल्या वाटेने जाऊन तो उचलायचा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर. सकाळी मीटिंग, मग टिकिटं, मग पुन्हा मीटिंग. दिवाळीच्या सेलमध्ये रात्री फोन उशाशी. आणि समोर कायम आकडे: तासाला किती वस्तू उचलल्या, किती सेकंद वाया गेले. सेकंद कमी करून दाखवले की अप्रेझल चांगलं.

आता ही गोदामं कुठे आहेत? बरीचशी आमच्याच तालुक्यात. माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, पडघा. मुंबई जवळ, नाशिक महामार्ग दारात, आणि मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, म्हणून ती इथे उभी राहिली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र राहिली आणि वाढली. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट सगळे इथे आहेत. म्हणजे मोठी कंपनी भिवंडीत आली. इंजिनिअरची खुर्ची तेवढी बंगळुरू, हैदराबाद, ऐरोलीला राहिली. इथे आली ती हातात स्कॅनर घेऊन दिवसभर चालण्याची नोकरी, तीही अनेकदा कंत्राटदारामार्फत. ज्या घरातले माग भंगारात गेले त्या घरांतली पोरं ती करतात.

माझ्या पडद्यावर जो ‘वाया गेलेला’ वेळ लाल रंगात दिसतो, तो म्हणजे मे महिन्यात पत्र्याखाली काम करताना पाणी प्यायला जाणं, लघवीला जाणं. बंगळुरूच्या सहकाऱ्याला हे माहीत नाही. माणूस चांगला आहे, त्याने माणकोली पाहिलेली नाही एवढंच. २०२४ मध्ये मानेसरच्या अॅमेझॉन गोदामातली बातमी आली. सहा ट्रक उतरवेपर्यंत पाण्यासाठी वा शौचासाठी थांबणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावली होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने दखल घेतली. कंपनी म्हणाली, हा एका टीमपुरता तुरळक प्रकार. असेलही. पण शपथ नसली तरी आकडा प्रत्येक गोदामात असतो, आणि तो पडद्यावर मांडणारा माझ्यासारखाच कुणीतरी असतो.

आपल्याकडची चर्चा अडते ती कंपनीत शिरण्यावर. ती खोटी नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ च्या अभ्यासात दाखवलं आहे की शिक्षण सारखंच असलं तरी अर्जावर मुस्लिम किंवा दलित नाव असेल तर खाजगी कंपन्यांचं बोलावणं कमी येतं. पण आत शिरल्यावर पुढे काय? आत गेलेला पोरगा सहसा मान खाली घालून काम करतो. नाव आधीच उठून दिसतं, त्यात प्रश्न विचारणारा म्हणून कशाला ओळख करून द्यायची? घराचं कर्ज, बहिणीचं लग्न, सगळं पगाराच्या स्लिपवर उभं. अब्बांना आयुष्यात स्लिप मिळाली नाही, पीएफ तर दूरच. मोठ्या कंपनीचं हे देणं मी नाकारत नाही. तरीही मला वाटतं, गोदामातला माणूस ओळखीचा असणं हे आपल्या इंजिनिअरचं ज्ञान आहे आणि ते मीटिंगमध्ये टेबलावर यायला हवं.

मागच्या वर्षी मी म्हटलं, पिकरच्या नकाशात पाण्याचा नळ आणि संडासही टाकू या, तिथे जाण्यायेण्याचा वेळ वाया धरू नये. मॅनेजरने विचारलं, डेटा आहे का? शेजारच्या मुलाला विचारून आणला. त्याच्या गोदामात शेवटच्या रॅकपासून जायला-यायला साडेसात मिनिटं लागतात. बरीच टाळाटाळ झाली, पण ती सोय आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. चालू करायची की नाही, हे प्रत्येक गोदामाचा मॅनेजर ठरवतो. आमच्या तालुक्यात ती सध्या दोन ठिकाणी चालू आहे. शेजारच्या मुलाचं गोदाम त्यात नाही.